साईक्स: यॉर्कशायरच्या एका आडनावाचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी लग्न होऊन इंग्लंडमध्ये हडर्सफील्डजवळ राहते, सासरचं आडनाव साईक्स. व्याह्यांच्या बैठकीत ‘साईक्स घराण्याची ढाल’, म्हणजे कुलचिन्ह, म्हणून एक फ्रेम लावलेली आहे. हे आडनाव मुळात कुठलं? पुण्यात राहून दख्खनच्या पक्ष्यांच्या आणि माशांच्या नोंदी करणारे कर्नल साईक्स, मुंबईचे गव्हर्नर साईक्स आणि पहिल्या महायुद्धात मध्यपूर्वेची वाटणी ठरवणाऱ्या साईक्स-पिको करारातले साईक्स हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि नातवंडांसाठी वंशावळ करायची तर सुरुवात कुठून करायची?

इंग्लिश कुळांच्या जुन्या नोंदी वाचणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातही वेस्ट रायडिंग, म्हणजे यॉर्कशायरचा पश्चिम भाग, माझ्या खास जिव्हाळ्याचा. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. आडनावाचा अर्थ शोधणं आणि तुमच्या व्याह्यांचं कूळ शोधणं या दोन वेगळ्या चौकश्या आहेत. अर्थ पाच मिनिटांत कळतो. कूळ मात्र कागदांतून, आजपासून मागे, एकेक पिढी पक्की करत काढावं लागतं. लोक नेमके उलटे जातात. एखादा नामवंत साईक्स धरतात आणि त्याच्यापासून खाली आपल्या आजोबांपर्यंत पूल बांधायला बघतात. त्या पुलाला मधे खांबच नसतात.

आधी अर्थ. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे छोटा ओढा किंवा पाणथळ चर. उन्हाळ्यात जेमतेम वाहणारा, बऱ्याचदा दोन शेतांची किंवा दोन गावांची शीव म्हणून वापरला जाणारा. जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द होता आणि त्या भागात वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतही त्याचं भावंड होतं. दक्षिणेकडे त्याच शब्दाचा शेवटचा ‘क’ जाऊन ‘च’ झाला, म्हणून तिकडे ‘सिच’ अशी आडनावं भेटतात. उत्तरेत चर्चला ‘कर्क’ म्हणतात, त्यातलीच ही गत. त्यामुळे आडनावात ‘क’ टिकलेला दिसला की ते उत्तरेचं, एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. १३व्या-१४व्या शतकांतल्या नोंदींत हे नाव ‘अमुक डेल साइक’ अशा रूपात येतं, म्हणजे ओढ्याजवळ राहणारा अमुक. पुढे ‘डेल’ गळालं आणि शेवटी ‘स’ चिकटला.

इथेच पहिली अडचण उभी राहते. असे ओढे उत्तरेत पावलोपावली आहेत. लँकेशरमध्ये बोलंडच्या डोंगरात तर साईक्स नावाची वाडीच आहे. मग ओढ्याकाठच्या प्रत्येक घराने हेच नाव घेतलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. आडनावांचे जुने अभ्यासक तसंच मानत होते: या आडनावाला एक मूळ नाही, अनेक मुळं आहेत आणि ती एकमेकांशी असंबद्ध आहेत. तर्क चुकीचा नव्हता. पण नकाशा वेगळं सांगतो. १८८१च्या जनगणनेत साईक्स कुठे आहेत ते बघा. देशभर सारखे पसरलेले नाहीत. हडर्सफील्ड आणि त्याच्या पश्चिमेची कोल्न नदीची खोरी, स्लेथवेट (तिथले लोक ‘स्लॉवित’ म्हणतात), शेजारचं सॅडलवर्थ, इथे त्यांची दाटी आहे. ओढे सगळीकडे, पण साईक्स एका पट्ट्यात. याचं स्पष्टीकरण द्यावंच लागतं.

त्यासाठी त्या काळात आडनाव टिकत कसं होतं ते बघू. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर आधी सरदारांनी वंशपरंपरागत नावं धरली, सामान्य माणसांपर्यंत ती पद्धत पोचायला दोनतीनशे वर्षं गेली, आणि उत्तरेत दक्षिणेपेक्षा जास्त. सुरुवातीला बापाचं नाव ‘डेल साइक’ असलं तरी मुलगा दुसऱ्या गावी गेला की त्याला वेगळंच नाव पडे. नाव पक्कं होण्यामागे मोठं कारण होतं जमीन. हडर्सफील्डच्या आसपासचा बराचसा मुलूख वेकफील्डच्या मॅनॉरमध्ये, म्हणजे त्या जहागिरीत येत होता. तिथली कोर्टाची दप्तरं १२७४पासूनची आहेत आणि इंग्लंडमधल्या अशा दप्तरांमध्ये ती फार मोलाची मानली जातात. कूळ मेलं की मुलगा कोर्टात हजर होणार, दंडाची रक्कम भरणार, आणि बापाचा तुकडा त्याच्या नावावर चढणार. ही नोंद हाच त्याचा हक्काचा पुरावा. अशा वेळी बापाचंच नाव लावणं फायद्याचं होतं. आपल्याकडे सातबारा ज्या नावावर, ते नाव सहसा कुणी बदलत नाही, तसंच.

दुसरा मोठा पुरावा १३७९च्या डोईपट्टीचा. सोळा वर्षांवरच्या लोकांकडून किमान चार पेन्स वसूल करायचे होते, म्हणून गावोगाव याद्या झाल्या. वेस्ट रायडिंगच्या याद्या नशिबाने चांगल्या टिकल्या आहेत आणि छापलेल्याही आहेत. त्या काळी कुठल्या गावात कुठलं नाव रुजलेलं होतं ते त्यांतून एका नजरेत दिसतं. यॉर्कशायरच्या आडनावांचे थोर अभ्यासक जॉर्ज रेडमंड्स यांनी आयुष्यभर हेच केलं. प्रत्येक आडनाव त्याच्या गावात नेऊन, तिथल्या कागदांत एकेका कुटुंबाशी जोडून बघायचं. आर्मिटेज, बोमाँट, क्राउदर, डायसन, हर्स्ट ही सगळी हडर्सफील्डची नावं, आणि प्रत्येकाची कथा शेजाऱ्यापेक्षा वेगळी. नुसता शब्दकोश उघडून आडनावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना रेडमंड्स यांनी दिलेला हा धडा अजूनही पुरेसा पोचलेला नाही, असं माझं मत आहे.

साईक्स मंडळी एवढी वाढली कशी, याचं उत्तर लोकरीत आहे. कोल्न खोऱ्यातली जमीन हलकी, थंडी बोचरी, ओट्सपलीकडे फारसं काही पिकत नाही. पण मऊ पाणी आणि मेंढ्या होत्या. चारदोन एकरांचा तुकडा कसायचा आणि घरात हातमाग चालवायचा, या जोडधंद्यावर तिथली कुटुंबं टिकली. वरच्या मजल्यावर खिडक्यांची सलग रांग असलेली दगडी घरं तुमची मुलगी रोज बघत असेल. त्या खिडक्या मागाला उजेड मिळावा म्हणून आहेत. शेतीवर एका मुलाचं भागलं असतं, मागामुळे चार मुलांना गावातच राहता आलं, आणि चारही जण साईक्सच. १८व्या-१९व्या शतकांत कापडगिरण्या आल्यावर हे प्रमाण आणखी फुगलं. एका गावात इतके साईक्स झाले की आडनावाने ओळख पटेना. मग लोकांनी ‘बिल ओ जॅक्स’, म्हणजे जॅकचा बिल, अशी बापआजाच्या नावांची साखळी लावायला सुरुवात केली. सॅडलवर्थच्या माळावर एका गुत्त्याचं नावच बिल ओ जॅक्स पडलं होतं. चर्चच्या नोंदवहीत ‘जॉन साईक्स’ एवढंच असतं आणि गल्लीत त्याला वेगळ्याच नावाने ओळखतात, हे वंशावळ करताना सतत लक्षात ठेवा.

आता जनुकांकडे येऊ, कारण या आडनावाची खरी प्रसिद्धी तिथे आहे. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साईक्स यांना ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीच्या एका कार्यक्रमात कुणीतरी विचारलं की कंपनीचे अध्यक्ष सर रिचर्ड साईक्स तुमचे नातेवाईक का. दोघांनाही कसलं नातं ठाऊक नव्हतं. ब्रायन यांनी दोघांचं वाय गुणसूत्र तपासलं आणि ते जुळलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं, म्हणून ही तुलना अर्थपूर्ण ठरते. मग त्यांनी सहकारी कॅथरीन अर्व्हन यांच्यासह यदृच्छेने निवडलेल्या साईक्स पुरुषांचे नमुने तपासले, आणि २०००मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास निम्म्या साईक्स पुरुषांचा वाय-ठसा, म्हणजे त्या गुणसूत्रावरच्या खुणांचा नमुना, एकच निघाला. त्याच भागातल्या किंवा बाकी ब्रिटनमधल्या इतर आडनावांच्या तुलना-नमुन्यांत तो ठसा आढळला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की आजचे साईक्स एकाच मूळपुरुषाचे वंशज असावेत, आणि ज्यांचा ठसा वेगळा आहे त्यांच्या साखळीत सातशे वर्षांत कुठेतरी बाप बदललेला असावा. तसं धरलं तर त्याचं प्रमाण दर पिढीला सरासरी १.३ टक्के येतं.

वर्तमानपत्रांनी या १.३ टक्क्यांवरून बरंच चवीने लिहिलं. मला ते आवडत नाही. बाप बदलणं म्हणजे व्यभिचारच असं नाही. लग्नाआधी झालेल्या मुलाला आईचं आडनाव मिळे. विधवेने पुन्हा लग्न केलं की लहान मुलं सावत्र बापाचं नाव लावत. भाच्याला मालमत्ता देताना मामा आपलं आडनाव घ्यायची अट घाली. नोंदवह्यांत हे सगळं मी वरचेवर बघतो, आणि त्यात बहुतेक वेळा गरिबी आणि कुणाच्या तरी मृत्यूची कथा असते.

शास्त्रीय बाजूने एक हरकत मात्र खरी आहे. त्या तपासणीत वाय गुणसूत्रावरच्या चारच खुणा पाहिल्या होत्या. आजच्या मानाने ते फार ढोबळ. शिवाय आज एकच ठसा भारी दिसतो, म्हणून सुरुवातीला एकच मूळपुरुष होता असं सिद्ध होत नाही. समजा १३०० साली पाच वेगळ्या ओढ्यांकाठी पाच साईक्स होते. १३४८-४९ची प्लेगची साथ आली, एकाला फक्त मुली झाल्या, एक निपुत्रिक गेला. केवळ योगायोगाने एकच शाखा फोफावते आणि बाकीच्या विरतात. आडनावं अशी कशी विझतात याचं गणित फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४मध्येच मांडलं होतं. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या सोळाशेहून जास्त पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. तीत अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात दहापैकी जवळपास नऊ जण एकाच ठशाचे निघाले, तर स्मिथ मंडळींत आणि रस्त्यावरच्या कुठल्याही माणसांत फरक दिसला नाही. साईक्स हे आडनाव या दोन टोकांच्या मधे बसतं. माझं म्हणणं असं: कोल्न खोऱ्यातली एक शाखा प्रचंड वाढली हे निश्चित. बाकी निम्म्यांत काही त्याच शाखेचे पण वाटेत बाप बदललेले, आणि काही खरोखर दुसऱ्या ओढ्याकाठचे असणार. तुमचे व्याही कशात बसतात हे आडनावावरून कळणार नाही.

आता त्या नामवंतांकडे. कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांचा जन्म १७९०चा, वडील यॉर्कशायरच्या फ्रिझिंग हॉलचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतून ते १८१७च्या खडकीच्या लढाईत होते. १८२४मध्ये एल्फिन्स्टनने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं आणि त्या फिरतीत त्यांनी इथल्या पशुपक्ष्यांची यादी केली. दख्खनच्या माळावर दिसणाऱ्या तुरेवाल्या लहान चंडोलाला इंग्लिशमध्ये आजही साईक्सचा चंडोल म्हणतात. शास्त्रीय नावात त्यांनी ‘देवा’ घातलं, आणि दुसऱ्या एका वटवट्याच्या नावात ‘रामा’. माशांच्या बाबतीत तर ते स्थानिक नावंच उचलत. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं ‘खुद्री’ आणि शिंगटीचं ‘सींगटी’ ही शास्त्रीय नावं त्यांचीच देणगी. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष आणि अ‍ॅबर्डीनचे खासदार झाले. मराठी माणसाला या आडनावाशी नातं जोडावंसं वाटलं तर या माणसाशी जोडावं, असं मला मनापासून वाटतं.

साईक्स-पिको करारातले सर मार्क साईक्स यांची कथा वेगळी. त्यांचं घराणं स्लेडमिअरचं, ते पूर्व यॉर्कशायरमध्ये आहे. त्या घराण्याची स्वतःची परंपरा सांगते की मूळपुरुष १६व्या शतकात उत्तरेकडच्या कंबरलंडमधून लीड्सला कापडाच्या व्यापारासाठी आला. पुढे ते हल बंदरात व्यापारी म्हणून गब्बर झाले आणि १७४८मध्ये स्लेडमिअरची इस्टेट वारशाने त्यांच्याकडे आली. म्हणजे त्यांचा ओढाच निराळा, कोल्न खोऱ्याशी संबंध नाही. बंगालमध्ये अमाप पैसा करून इंग्लंडला परतलेले आणि बॅसिल्डन पार्क बांधणारे फ्रान्सिस साईक्स मात्र पश्चिम यॉर्कशायरचेच. मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साईक्स १९२८ ते १९३३ या, म्हणजे सविनय कायदेभंगाच्या धामधुमीच्या काळातले. त्यांचा जन्म लंडनजवळच्या क्रॉयडनचा. या चौघांना एका झाडावर बसवणारे तक्ते बाजारात मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका.

तीच गोष्ट त्या फ्रेमची. इंग्लंडमध्ये ढाल आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला मिळते, आणि तिच्या औरस वंशजांनाच ती लावायचा हक्क असतो. हा कारभार १४८४मध्ये स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स बघतं. फ्रेममध्ये काळ्या कोनपट्टीभोवती निळ्या-पांढऱ्या लहरींचे तीन गोल असतील, तर ती स्लेडमिअर घराण्याची ढाल आहे. ते गोल म्हणजे पाण्याचे झरे. ढालींच्या परिभाषेत त्यांना ‘साइक’च म्हणतात, म्हणून त्यांनी ते निवडले. बघायला सुंदर आहे, भिंतीवर खुशाल राहू दे. पण वंशावळीत ती पुरावा म्हणून लावू नका.

सुरुवात व्याह्यांच्या वडिलांच्या जन्मदाखल्यापासून करा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून आहे. दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि साईक्सच्या गर्दीत तेच तुमचं सर्वांत धारदार हत्यार आहे. त्या नावाला धरून आईवडिलांचं लग्न शोधा. लग्नाच्या दाखल्यावर वराच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. जनगणनेच्या याद्या माणसांच्या नावानिशी १८४१पासून १९२१पर्यंत बघता येतात. १९३१ची आगीत गेली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही, त्या जागी १९३९चं नोंदपुस्तक वापरतात.

१८३७च्या मागे गेलात की चर्चच्या नोंदवह्या. त्या १५३८पासून ठेवायचा हुकूम होता, प्रत्यक्षात सुरुवात गावागणिक वेगळी. तुमच्या भागासाठी हडर्सफील्ड, आमंडबरी, कर्कबर्टन आणि कर्कहीटन एवढ्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या, वह्या आधी चाळा. स्लेथवेट जुन्या काळी हडर्सफील्ड पॅरिशचाच भाग होतं, हे माहीत नसल्याने अनेक जण चुकीच्या वहीत शोधत बसतात. १८१३पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि वस्तीचं नाव असतं, तोवर काम सोपं. त्याच्या मागे नुसतं ‘जॉन, विल्यम साईक्सचा मुलगा’. एकाच वर्षात असे दोन-तीन जॉन सापडतील. अशा वेळी अंदाजाने एक निवडू नका. तिघांनाही पुढे न्या: कोण बालपणी वारला, कुणाचं लग्न झालं, कोण कुठल्या वस्तीत राहिला. जे जुळत नाहीत ते गळतात आणि एक उरतो. दोन उरले तर वंशावळ तिथेच थांबवा आणि तसं लिहून ठेवा. त्या खोऱ्यात बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक पुष्कळ होते, त्यामुळे पॅरिशच्या वहीत माणूस नसला तर त्यांच्या वेगळ्या वह्या बघाव्या लागतात. लिहिणारा ‘साइक्स’ लिहू दे की ‘सिक्स’, स्पेलिंगवरून शाखा वेगळी मानू नका. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं असतात.

डीएनए चाचणी करायची असेल तर ती जावई किंवा व्याही यांनीच करायला हवी, आणि साध्या नातेशोधाच्या चाचणीऐवजी वाय गुणसूत्राची, निदान ३७ खुणांची घ्यावी. मुलीच्या मुलग्यातही तेच वाय असणार, पण लहान मुलाची चाचणी कशाला? नमुना देण्याआधी व्याह्यांशी मोकळेपणाने बोलून घ्या. ठसा साईक्सच्या मोठ्या शाखेशी जुळला नाही तर कुणाला वाईट वाटेल का, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला काही आठवेल का, हे आधी विचारलेलं बरं. चाचणी कागदकामाच्या आधी नको. पाचसहा पिढ्या कागदावर पक्क्या झाल्या की मगच जुळलेल्या परक्या साईक्सला पत्र लिहून ‘तुमचे १७८०च्या सुमाराचे पूर्वज कुठल्या वस्तीतले’ असं नेमकं विचारता येतं, आणि समोरूनही नेमकं उत्तर येतं.